मखमलीखालची शेपटी

एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी जुन्या युरोपातल्या पुस्तकांतली, धर्मातल्या ढोंगाची टिंगल करणारी चित्रं निवडली होती. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. त्यातलं माझं लाडकं चित्र म्हणजे साधूचा झगा घातलेला कोल्हा बदकांना प्रवचन देतोय. बदकं माना लववून ऐकतायत. तळाशी मात्र झग्यातून कोल्ह्याची शेपटी आणि एका बदकाचे पाय बाहेर लोंबतायत. सगळी गंमत त्या तळाच्या चार बोटांत.

हे चित्र भिंतीवर लावून बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर बोलायचं होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. म्हणून डेअरीला दूध घालून वडीलही गडहिंग्लजहून एसटीनं येणार होते.

चित्राची मोठी प्रत मी कॉलेजसमोरच्या फ्रेमवाल्या चाचांकडं फ्रेमला दिली. त्यांच्या दुकानात सगळ्यांचे देव एकाच भिंतीला टेकून गुण्यागोविंदानं उभे असतात. फोटो कुणाच्याही देवाचा असो, चाचा हात धुऊनच शिवतात. "जरा जपून करा, माझं वर्ष ह्याच्यावर आहे," एवढंच मी म्हणालो.

परीक्षेच्या सकाळी कॉलेजात फ्रेमवरचा कागद सोडून बघतो तर काय! सोनेरी फ्रेम, आत लाल मखमलीची रुंद पट्टी, वर चंदनी हार. शेपटी गायब! उरला होता पंजा उंचावून आशीर्वाद देणारा सात्त्विक कोल्हा.

मी फोन लावला. "चाचा, खालचं चित्र कुठं गेलं?"

"हाय की आत. तुमच्या म्हाराजांचं शेपूट दिसत हुतं, म्हून झाकलं. कुणाच्या फोटोतलं उणं आम्ही भाईर ठेवत न्हाय."

"महाराज कुठले? कोल्हा आहे तो!"

"त्ये दिसलं की मला. पर म्हटलं, नरसिंहाला सिंहाचं तोंड हाय, तुमच्या गावाकडं असंल एखादा असा."

"अहो, ढोंगी आहे तो! तेच तर दाखवायचंय!"

"मग आधी सांगायचं की! थांबा, आलोच."

वेळ झाली म्हणून मी फ्रेम तशीच भिंतीवर लावली, तेवढ्यात वडील आले. चित्र बघून त्यांनी दाराशीच चपला काढल्या आणि हात जोडून डोकं टेकवलं. मागोमाग परीक्षक आले. चष्मा पुसून त्यांनी चित्र नीट न्याहाळलं.

"ह्यात उपहास कुठं आहे?"

"खाली आहे, सर," मी मखमलीकडं बोट दाखवलं. "मोकळा व्हायचाय."

चाचा धापा टाकत आत शिरले. "सरका जरा, पावणं," असं परीक्षकांनाच म्हणत त्यांनी फ्रेम उतरवली, मागचे खिळे उपसले आणि कटरनं खालची मखमल कापली. शेपटी बाहेर आली. मग बदकाचे पाय.

पहिल्यांदा हसले ते वडील. "आयला! मी पाया पडलो की रं ह्याच्या!"

परीक्षकही हसले. "हं, आता बोला."

पाठ केलेलं भाषण मी खिशातच ठेवलं. "सर, आत्ता माझ्या वडिलांचं जे झालं, तेच चित्रकाराला वाचकाचं करायचं होतं. आधी हात जोडायला लावायचे, मग शेपटी दाखवायची."

"बसा. पास आहात," ते म्हणाले.

वडिलांनी चपला पायात घातल्या. चाचांनी कापलेली मखमल नीट गुंडाळून पिशवीत घातली.

"आता कशाला ती?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे. अजून कुणाचं तरी झाकाय लागंलच."