थोरले साडू आणि आईचे धवले

माझ्या थोरल्या साडूंनी आजवर जेवढे व्हायरस मारलेत, तेवढे डास आम्ही अख्ख्या खारीगावाने मिळून मारले नसतील. पेशाने हे मीरा रोडच्या एका शाळेत पी.टी.चे मास्तर. कॉम्प्युटर त्यांना कुणी शिकवलेला नाही, पण नातलगांत कुणाचं मशीन अडलं की हे शेअर रिक्षाने हजर! आल्या आल्या इंटरनेटची वायर उपटून खिशात घालणार. एकदा ती तशीच खिशात घेऊन घरी गेले आणि आम्ही चार दिवस बिचाऱ्या नेटवाल्याच्या नावाने खडे फोडत बसलो. वायर निघाली की अख्खं घर उंचीप्रमाणे रांगेत. "कोणी काय दाबलं? खरं बोला, ओरडणार नाही." माझ्या बायकोने, म्हणजे त्यांच्या सख्ख्या मेहुणीने, फुकट राशिभविष्याच्या चौकटीवर क्लिक केल्याचं कबूल केलं, तेव्हा तिला त्यांनी दोन मिनिटं हात वर करून उभं केलं. आणि ती उभी राहिली हो! माझं बाईसाहेब साधं 'पंखा बंद कर' एवढंही ऐकत नाहीत.

गेल्या वर्षी मात्र प्रकरण जिवावर बेतलं. आमची आई धवले टाइप करत होती. धवले म्हणजे आम्हा आगऱ्यांच्या लग्नात बायका म्हणतात ती गाणी. सगळी तिच्या डोक्यात, कागदावर एक नाही, आणि तिच्याबरोबर म्हणणाऱ्या बायका एकेक करून गेलेल्या. एका बोटाने अक्षरं शोधत तिने दोन वर्षांत चोवीस गाणी उतरवली. एका सकाळी फोल्डर उघडला, तर आत गाणी नाहीत, नुसते शॉर्टकट! रिपेअरवाला म्हणाला, "फॉर्मॅट मारना पडेगा, काका." साडू भडकलेच. "फॉर्मॅट? ढेकूण झाले म्हणून घर पेटवतो का कोणी?" मग कॉलर सैल करून कामाला लागले. व्हायरसने गाणी पुसली नव्हती, फक्त लपवली होती. दुपारपर्यंत चोवीसच्या चोवीस परत आली आणि साडूंनी घरात अशी शिट्टी मारली की खालच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले.

आठ दिवसांत गाणी पुन्हा गायब. साडूंनी पुन्हा काढली, पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेला त्यांनी मशीनला हातच लावला नाही. टेबलावरचा पेनड्राइव्ह उचलून आईसमोर बसले आणि हळूच विचारलं, "आई, तुमचा हा पेनड्राइव्ह कुठे कुठे हिंडतो?"

"खयं न्हाय रं मास्तर. झेरॉक्सच्या दुकानान जातो निस्ता."

घ्या! दर शनिवारी आई एकेक गाणं छापून आणून आळीतल्या सुनांना वाटत होती. दुकानाचा कॉम्प्युटर पुरता सडलेला, तोच रोग पेनड्राइव्हमधून आमच्याकडे. साडू तडक दुकानात गेले, तेही मशीन साफ केलं, आणि दुकानदारालाही हात वर करायला लावले म्हणे.

त्या खेपांमध्ये पूर्ण तपासणीला तीन-तीन तास लागायचे. साडू शेजारी लॅपटॉप घेऊन म्हणायचे, "आई, तोवर एक म्हणा." आई म्हणायची, हे दोन्ही हातांनी खडाखड टाइप करायचे. अशी नऊ गाणी आणखी उतरली. मुलीच्या पाठवणीचा धवला आला तेव्हा, मैदानावर पोरं ज्यांना चळाचळा कापतात ते मास्तर, चष्मा काढून डोळे पुसत राहिले. फार आवडला मला तो माणूस त्या दिवशी.

आता कॉम्प्युटर ठणठणीत आहे. त्यामुळे साडूंना यायला निमित्तच उरलेलं नाही, आणि आईचं टाइपिंगही थंडावलंय. परवा जेवताना ती एकदम म्हणाली, "मास्तरला फोन लाव. सांग, मशीन बिघारलाय."

"अगं, काही बिघडलेलं नाहीये."

"मना ठाव हाय. पन बारा गानी र्‍हायलीन. ती एकटीनं कोनाला म्हनून दावू?"

मी हात धुतले आणि फोन लावला.