सत्कार करून काढलेला पंच

आमच्याकडे माणसाला हाकलायचं असेल तर त्याचा सत्कार करतात. शाल-श्रीफळ देतात, मंचावर बसवतात आणि खाली त्याचं काम दुसऱ्याच्या हाती देतात. बाभुळगावच्या कबड्डी सामन्यांत माझी शिट्टी अशीच गेली. मी शाळेतून निवृत्त झालो होतो, पंचगिरीतून नाही.

मंडळाचा सचिव माझाच विद्यार्थी. चढाई कशी करायची हे त्याला मीच शिकवलेलं. तो माईकवर म्हणाला, "सरच्या वयात टेन्शन चांगलं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या! माझ्या टेन्शनची काळजी अख्ख्या गावाला, पण मला विचारायची गरज एकालाही वाटली नाही.

माकडाच्या हाती हे कोलीत माझ्याच लेकीनं दिलं होतं. ती यवतमाळला नर्सिंगच्या मुलींना शिकवते. मागच्या रविवारी घरी आली तेव्हा सचिव चहाला बसलेला. बोलता बोलता तिनं सांगितलं, की ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतं, आणि उतारवयात ते निवांत बसलेल्या माणसातही, विशेषतः संध्याकाळी, थोडं जास्तच राहतं.

"मंग सरनं मैदानात पळावं का नाही?" सचिवानं विचारलं.

"पळावं ना! मेहनतीनं ते सगळ्याइचंच चढते. म्हाताऱ्या माणसाचं उतरायले टाइम लागते, एवढंच."

त्यातलं 'पळावं ना' त्या शहाण्यानं सोयीनं गाळलं.

सत्काराच्याच संध्याकाळी उपांत्य सामना सुरू झाला. मी खुर्चीत. खाली नवा पंच. चढाईवाल्याचा दम मधेच तुटला, सगळ्या मैदानाला ऐकू आलं, तरी या पठ्ठ्यानं त्याला गुण दिला. माझ्या छातीत धडधडायला लागलं. मैदानात असताना असा राग पायांतून निघून जायचा. शिट्टी मारली, हात वर केला, विषय संपला. खुर्चीत बसून त्या रागाचं करायचं काय? मी शाल फेकली आणि सगळ्यांदेखत सचिवावर ओरडलो, "ह्या खुर्चीत तुह्या बापाले बसव!"

तोही कमी नाही. "इज्जत देऊन राह्यलो, तं तुम्हाले पचत नाही, सर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी माझ्या ओट्यावर हजर. हसत हसत पाया पडला. "कालचं काल गेलं, सर. त्या पंचाले काढलं आम्ही. आजची फायनल तुम्हीच घ्या." आणि शिट्टी माझ्यापुढे धरली.

याचीच तर मी वाट पाहत होतो. घ्यायला हात पुढे केला. दुसऱ्या हातातल्या बशीतला चहा धोतरावर सांडला. छातीत कालचाच सामना चालू होता, रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. पोरगं मात्र घरी जाऊन जेवून झोपलं असणार. चेहरा कसा ताजा! मला त्याचा नाही, या माझ्या देहाचा संताप आला. या हातांनी फायनल घेतली असती तर कालच्या पंचात आणि माझ्यात फरक काय राहिला असता?

"दुसरा पाहा," मी म्हणालो.

"काहून सर? अजून राग आहे काय?"

"राग नाही रे. उतरलं नाही अजून."

त्याला काही कळलं नाही. शिट्टी खिशात टाकून तो गेला. अख्ख्या मंडळाला माझ्याकडून जे म्हातारपण वदवून घेता आलं नव्हतं, ते मी माझ्याच ओट्यावर, माझ्याच तोंडानं कबूल केलं होतं.