भोंग्याचं गाणं आणि आईची हाक

माझ्या धाकट्या भावाला विद्यापीठात सगळे भोंगा म्हणायचे. आवाजच तसा. नुसतं "आई" म्हणाला तरी मांडणीवरची भांडी थरथरायची. शिकत होता रसायनशास्त्र, जीव मात्र सगळा गिटारमध्ये.

सत्त्याऐंशी साली त्यानं स्वतः रचलेलं गाणं घरीच टेप केलं. पठ्ठ्या इतका चिकट, की संपलेले सेल उन्हात तापवून पुन्हा घालायचा! त्या मेल्या सेलांवर टेप रखडत चालला. मग तीच कॅसेट वसतिगृहात, मित्राच्या खोलीवर विजेच्या टेपवर लागली, तेव्हा गाणं पळायला लागलं आणि आमच्या भोंग्याचा आवाज झाला बारीक, गोड, थेट मुलीचा. मधेच स्वयंपाकघरातून आईनं मारलेली हाकही आली होती, "पुरे ते रडगाणं, ताटं वाढलीत!"

कॅसेटवरून कॅसेट होत गेली. पोरं त्या 'मुलीवर' फिदा. आईची हाक तर सगळे मिळून मारायचे. भोंगा जीव तोडून सांगायचा, "अरे, तो मीच आहे!"

"हो का? मग आम्ही तुझे नवरे!"

मला म्हणाला, "ताई, माझंच गाणं, आणि मीच खोटा ठरलो गं." मला इतका राग आला त्या टोळभैरवांचा!

स्नेहसंमेलनात तो हट्टानं गायला उभा राहिला. मी आईला ओढून नेलं होतं. पहिली ओळ झाली न झाली तोच हुर्यो. "उतर खाली! ती कुठंय?" भोंग्याचा चेहरा उतरला, पण गडी थांबला नाही. हाकेची जागा आली. कुणीही हाक दिली नाही, मुद्दामच.

आणि शेजारी आई ताडकन उठली. लेकाची फजिती बघून तिचं टाळकं सरकलं होतं. कमरेवर हात ठेवून खच्चून ओरडली, "पुरे ते रडगाणं, ताटं वाढलीत!"

मग मागून कुणीतरी किंचाळलं, "आयला, हीच ती हाक! ही तर भोंग्याची आई!" शिट्ट्या काय, बाकं बडवणं काय! भोंग्यानं बाहीला डोळे पुसले आणि गाणं पहिल्यापासून घेतलं, आपल्या त्याच जाड्याभरड्या आवाजात. या वेळी कुणी हूं की चूं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आतल्या खोलीत त्याचं गाणं चाललं होतं. ताटं वाढून झाली. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर आईनं माझा हात धरला.

"गाऊ दे गं," ती म्हणाली. "आज गार जेवू."