आक्काचे सर

"आक्का जेवली का?"

हजेरी घेण्याआधी सरांचा हा प्रश्न ठरलेला असे. नव्या मुलाला वाटे, सरांची थोरली बहीण आजारी असावी. मग शेजारचा मुलगा हळूच कोपऱ्यातल्या फळीकडे बोट दाखवी. फळीवर काचेची पेटी, पेटीत मातीचा थर, झाडाच्या सालीचा एक तुकडा आणि त्याच्या आडोशाला तळहाताएवढा केसाळ कोळी. टॅरंट्युला. मादी होती, म्हणून आक्का. काही मुलं दुसऱ्या दिवशीच दुसऱ्या क्लासला नाव घालत. सरांना त्याचं काही वाटत नसे. "जाऊ द्या. गर्दी कमी झाली, आक्काला बी बरं वाटंल."

त्या वर्षांत लातूरला गल्लोगल्ली क्लास निघत होते. विजेच्या खांबांवरही पाट्या, पाट्यांवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. सरांच्या दाराला मात्र साधी पाटीही नव्हती. विचारलं तर म्हणत, "कशाला पायजे? कोळ्याचा क्लास कुठं म्हणून विचारा, शेंबडं पोरगं बी आणून सोडंल." ते खरंच होतं. सर मूळचे इस्लापूरचे, किनवटच्या जंगलातले. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि सकाळी भाड्याच्या घरात क्लास घ्यायचे. खडू सदऱ्याच्या खिशात ठेवायची खोड असल्यामुळे तो खिसा कायम पांढरा असायचा, आणि सरांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, त्यावर रागावणं केव्हाच सोडून दिलं होतं.

लातूरला मी मामांकडे राहायची; त्या क्लासला गेले ती त्यांच्या चुकीमुळे. शिकवतात चांगलं एवढंच त्यांनी ऐकलं होतं, कोळ्याचं कुणी सांगितलं नव्हतं. भूकंपात औशाकडचं आमचं घर मातीच्या जड माळवदासकट बसलं, तेव्हा मी आत होते. दोन्ही हात दगडमातीत अडकलेले. फटीतून उजेड आला आणि मानेवरून उतरून खांद्यावर आलेला कोळी मला दिसला. तो फिरत राहिला आणि मला तो झटकता येईना. मला काढलं, धाकट्या भावाला काढायला उशीर झाला. भावाबद्दल मी कुणाशी बोलत नसे. कोळी दिसला की मात्र किंचाळायची, घामाने भिजायची. तंबूतल्या दवाखान्यात ज्या डॉक्टरीणबाईंनी माझा हात बांधला त्यांच्यासारखं व्हायचं, एवढं एकच मनात होतं. आणि त्यासाठी लागणाऱ्या जीवशास्त्राच्या पुस्तकात कोळ्याचं चित्र होतं. ती दोन पानं मी एकमेकांना टाचून टाकली होती.

पेटी पाहिल्यावर मी वर्गातून जी उठले ती ओट्यावर जाऊन बसले. खिडकीतून फळा दिसायचा. सरांनी काही दिवस मला तसंच बसू दिलं. मग एकदा माझं पुस्तक चाळताना ती टाचणी त्यांना सापडली. "टाचणी मारली म्हंजे पेपरात येणार न्हाई व्हय गं?" मला रडू फुटलं. मामा आधीच म्हणत होते की हिला कॉमर्सला टाकू, पोरगी खामखा हैराण होऊन राहिली. सरांनी मामांना बोलावून घेतलं. "परीक्षेपर्यंत थांबा. मी बी असाच व्हतो."

मला ते खरं वाटलं नाही. पण सर खरोखरच तसे होते. कॉलेजात नवे असताना बाटलीतला मेलेला कोळी मुलांना दाखवायचा म्हटलं की ते शिपायाला पुढे करायचे. स्वतःचीच लाज वाटली, म्हणून सुट्टीत गावाकडून आक्काला घेऊन आले. "ज्याचं भ्या वाटतं त्याच्या खाण्यापिण्याचं बघावं," ते म्हणत. "मंग भ्यायला टाइमच ऱ्हात न्हाई."

हेच औषध त्यांनी मला दिलं. "तिच्याकडं बघू नको. रोज झाकणात पाणी तेवढं भर." पेटीच्या कडेला एक लहानशी झडप होती, तिच्या आत बाटलीचं झाकण ठेवलेलं असे. सुरुवातीला मी तोंड भिंतीकडे करून पाणी ओतायची आणि निम्मं फळीवर सांडायची. पुढे नाकतोडे पकडून आणायचं काम लागलं. आक्का काय खाते, कधी खात नाही, पाय कधी पसरते, हे कळायला लागलं. तिची काळजी वाटू लागली तरी भीती गेली नव्हती. दोन्ही एकदमच वाटायचं. आक्काला हातावर घेऊन दाखवा, असं मुलं म्हणाली की सर रागवायचे. "ती काय सर्कशीतली हाय? तिला तिच्या घरात ऱ्हाऊ द्या."

त्या दिवसांत धक्के अजून थांबले नव्हते. गल्ली घराबाहेर बाजा टाकून निजायची. एकदा आक्का पेटीच्या झाकणापर्यंत चढली आणि नेमकी त्याच संध्याकाळी भांडी खडखडली. झालं. त्या दिवसापासून रोज दिवे लागायच्या वेळी लोक सरांच्या खिडकीशी यायचे. घरमालक अप्पा सगळ्यांच्या पुढे. "सर, आक्का काय म्हणती? आज आत निजावं का भायेर?" सर कपाळावर हात मारून घेत. "अप्पा, तिला भूक कळती, भूकंप कळत न्हाई!" लोक मान डोलावत, आणि आक्का शांत बसलेली पाहिली तरच घरात झोपत.

आणि एके दिवशी आक्का उलटी झाली.

सर परीक्षेच्या कामाला उदगीरला गेले होते. जाताना मला बजावलं होतं, "आक्कानं जेवण सोडलंय. कात टाकायला आली असंल. उताणी पडती अन् मऊ ऱ्हाती तवा. हलवलं तर मरंल." दुपारी काकू आणि मी घरात होतो. अप्पा क्लासच्या खोलीतला दिवा बघायला म्हणून आत आले आणि ओरडतच बाहेर पडले. आक्का पाठीवर, आठही पाय वर. "कोळी उलटा झाला! भायेर निघा!" पाहता पाहता गल्ली रिकामी झाली. गाद्या, पोरं, शिजत आलेला भात, सगळं रस्त्यावर. मग अप्पा दोघा धट्ट्याकट्ट्या माणसांना घेऊन परत दारात आले. "ती पेटी उचला अन् गल्लीच्या भायेर फेका. अपशकुन हाय त्यो."

काकू दारात आडव्या झाल्या, पण त्यांचं कोण ऐकतं? मीही पळून ओट्यावर आले होते. घर हलणार असं शंभर माणसं सांगत होती, माझा त्यांच्यावर विश्वासही होता. आत छप्पर होतं आणि कोळी होता. मी आत गेले. पेटीला दोन्ही हातांनी मिठी मारून बसले. "हात लावायचा न्हाई! ती मेली न्हाई, कात टाकून राहिली!"

"पोरी, छत पडंल!" अप्पा उंबऱ्याबाहेरून ओरडले.

"पडू द्या!"

आत यायची हिंमत कुणाला झाली नाही. काचेपासून माझं नाक वीतभरही लांब नव्हतं. आक्काची जुनी कात कडेने फाटली आणि ती एकेक पाय हातमोज्यातून काढावा तसा हळूहळू काढू लागली. मधेच थांबायची, थकायची. अडकलेले पाय सोडवताना तिला पाहिलं आणि मी मोठ्यांदा रडायला लागले. भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदाच. रडत रडत तिला सांगत होते, "निघ गं, निघ. लावू देत न्हाई मी कुणाला हात."

सर आले तेव्हा गल्ली अजून बाहेरच होती. काही हललं नव्हतं. आक्का नव्या मखमली अंगाने एका बाजूला पडून होती आणि शेजारी तिची रिकामी कात. सरांनी आधी आक्काला पाहिलं, मग मला. ते तसेच बाहेर गेले आणि अप्पांना म्हणाले, "आक्काचं बाळंतपण केलं माझ्या पोरीनं. एकटीनं." सरांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. त्यांनी ते साऱ्या गल्लीला ऐकवलं.

मी डॉक्टर झाले. सर नांदेडला राहायला गेले, आक्काही गेली त्यांच्याबरोबर. पुष्कळ वर्षं जगून ती म्हातारपणाने गेली, तेव्हा सरांनी फोनवर मला सांगितलं.

सरांच्या शेवटच्या आजारात मी नांदेडच्या दवाखान्यात गेले. अंगात ताकद उरली नव्हती. तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरांना मी माझी ओळख सांगू लागले, कुठल्या दवाखान्यात असते, काय शिकले. सरांनी हात वर करून मला थांबवलं.

"ते सांगू नको," ते म्हणाले, आणि त्या डॉक्टरांकडे वळले. "समदी गल्ली भायेर पळाली व्हती, साहेब. ही आत गेली."

पुढे सभांमधून, समारंभांतून माझी ओळख पुष्कळांनी करून दिली, पदव्या वाचून दाखवल्या. खुर्चीत बसून मी त्या ऐकते आणि वाटतं, यांना काहीच माहीत नाही. मी कोण ते सरांनी केव्हाच सांगून टाकलंय.