आग्रहाचं बिल

शेठना मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी माझ्याकडून कुणी मोठ्या मनाची अपेक्षा धरणार नाही.

मी सुप्याच्या एमआयडीसीत एका जपानी कंपनीत दुभाषी आहे. पारनेर तालुक्यातली बाई जपानी बोलते याचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही, पण मी पुण्यात क्लास लावला तेव्हा 'हिला चिन्यांच्या घरात द्यायची हाय का?' असं आमच्या गल्लीत विचारून झालं होतं. माझे वडील गावच्या दूध डेअरीवर फॅट लावतात. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहतात. वडील एकेकाचा नमुना मशीनला लावतात आणि आकडा मोठ्यानं सांगतात. त्या आकड्यावर दुधाचा भाव ठरतो. एकवीस वर्षं ते हे काम करत आहेत आणि भांडकुदळ माणसंही त्यांचा आकडा ऐकून गप घरी जातात.

शेठ शेजारच्या गावचे. त्यांचं वर्कशॉप आमच्या कंपनीला सुटे भाग पुरवतं. माझ्या वडिलांच्या ओळखीचे, म्हणून मी त्यांना काका म्हणायचे. कंपनी दरवर्षी अशा तीन-चार पुरवठादारांना जपानला मूळ कारखाना दाखवायला नेते, आणि बोलायला मी सोबत असते. दिवसभर कारखाना, रात्रीचं जेवण कंपनीचं. पण एक संध्याकाळ मोकळी असते. त्या संध्याकाळी मंडळींना 'जरा बसायचं' असतं. वर्गणी त्यांची, आणि जागा शोधण्यापासून अंदाज काढण्यापर्यंत सगळं माझ्या गळ्यात. दुकानाबाहेरची पाटी वाचता येणारी मी एकटीच, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती.

आता हा अंदाज काढणं म्हणजे काय, ते सांगते. आमच्या हायवेवरच्या परमिट रूममध्ये बसलं की शेंगदाणे, काकडी, फरसाण आपोआप येतं. संपलं की 'अजून आण' म्हणायचं. चकण्याचे पैसे नसतात, बसण्याचे तर नसतातच. एका क्वार्टरवर माणूस तीन तास राजकारण करू शकतो. जपानमध्ये कारखान्याच्या गावातल्या छोट्या बारमध्ये सगळं उलटं. खुर्चीत टेकलात की माणशी तासाचा आकार सुरू होतो, आणि तासाच्या वर दहा मिनिटं झाली तरी पुढचा तास धरतात. न मागता समोर एक इवलीशी वाटी येते, तिचे माणशी वेगळे पैसे. बार चालवते एक पोक्त बाई, तिला सगळे 'ममा' म्हणतात. तिच्या हाताखाली दोन-तीन बायका असतात, त्या ओतून देतात, गप्पा मारतात, गाण्याला टाळ्या वाजवतात. त्यातलं काही वाईट नसतं. पण त्यांना तुम्ही 'घ्या' म्हणालात, तर त्यांचा पेला तुमच्या बिलावर चढतो. गाणं म्हटलं तर गाण्याचे पैसे. या सगळ्याच्या बेरजेवर सेवेचा आकार, त्यावर कर. आणि बहुतेक ठिकाणी रोख लागते, आपलं कार्ड तिथे चालत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या पहिल्या दौऱ्यात मी हे सगळं चिठ्ठीवर लिहून नेलं होतं. दोन तास, एक बाटली, बायकांना एकेक पेला, चार गाणी. शेठनी चिठ्ठी न वाचता खिशात घातली.

आणि मग त्यांनी आग्रह सुरू केला. आमच्याकडे पाहुण्यानं 'नको' म्हटलं की वाढणारा दुप्पट वाढतो. 'आमच्या हातचं कडू हाय व्हय?' म्हणतो, ताटावर आडवा धरलेला हात बाजूला करून लाडू ठेवतो. शेठ या कामात पंचक्रोशीत प्रसिद्ध. समोरच्या बायका ओतून देतायत आणि स्वतः कोरड्या बसल्यात हे त्यांना बघवेना. 'तुमीबी घ्या की! आमी एकट्यानं पीत न्हाई,' असं म्हणत त्यांनी आग्रहाचा सपाटा लावला. बायका वाकून आभार मानत होत्या आणि ममा पेन्सिलीनं रेघा ओढत होती. वाटी संपली की शेठ ती उचलून हलवत, 'अजून आन!' मी त्यांच्या कानाशी लागले. म्हटलं, "काका, यातलं काहीच फुकट न्हाई. त्यांचा पेलाबी आपल्याच बिलावर येतोय."

ते सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "तुला कुनी विचारलं? बोलायला आनलीय, शिकवायला न्हाई. विचारलं तवाच बोलायचं."

बिल अंदाजाच्या दुप्पट आलं. वर्गणी पुरली नाही, तेव्हा माझा प्रवासभत्ता मीच काढून बिलावर ठेवला, कारण ममा माझ्याकडे बघत होती आणि मला लाज वाटत होती. परत गेल्यावर पैसे देतो, असं शेठ म्हणाले. ते पैसे गेले तर गेले, मी त्यावर पाणी सोडलं असतं. पण वर्गणीवाल्यांनी इकडे येऊन विचारलं, इतका खर्च झाला कसा? तेव्हा शेठ म्हणाले, पोरीचं त्या बारवालीशी आतून ठरलेलं होतं, पोरीनं कमिशन खाल्लं.

हे मला कंपनीत कळलं नाही. गावात कळलं, तेही डेअरीवर. संध्याकाळच्या रांगेत एकानं वडिलांनी सांगितलेला आकडा ऐकला आणि हसत म्हणाला, "मास्तर, नीट लावा. मापात खायची सवय घरातच हाय म्हनत्यात." रांग हसली. वडिलांनी त्या माणसाचा नमुना पुन्हा लावला, आकडा तोच आला, तो त्यांनी पुन्हा मोठ्यानं सांगितला. घरी येऊन ते जेवले नाहीत. त्यानंतर ते प्रत्येक आकडा सांगितल्यावर मशीन गिऱ्हाइकाकडे वळवून दाखवायला लागले. त्याआधीच्या इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. एका सुट्टीत मी डेअरीवर गेले होते तेव्हा ते बघितलं, आणि त्या दिवसापासून मी शेठना काका म्हणणं सोडलं.

मी भांडायला जाणार होते. वडील म्हणाले, "कशाला? चिखलात दगुड मारला की आपल्याच अंगावर उडतंय." ते खरंही होतं. माझ्याकडे पुरावा कुठला? त्या रात्रीचं बिल जपानीत, आणि ते वाचून दाखवणार कोण तर मीच. मी दात धरून बसले. शेठ कंपनीत दिसले की नमस्कार करायचे, हसायचे, चहा विचारायचे.

गेल्या नोव्हेंबरात पुन्हा दौरा ठरला. यादीत शेठचं नाव बघितलं आणि खरं सांगते, दिवाळीला झाला नव्हता इतका आनंद झाला.

या वेळी चौघे होते, शेठ आणि आणखी तीन वर्कशॉपवाले. तिघेही आमच्याच भागातले, एकाचं दूध तर आमच्याच डेअरीला येतं. शिवाय संध्याकाळी जपानी खरेदी अधिकारी सोबत येणार होते. नवीन ऑर्डर त्यांच्या हातात होती. म्हणजे शेठचा हात सैल सुटणार, हे मी विमानात बसतानाच ओळखलं.

मी जागा तीच निवडली. त्या ममाकडे मधल्या दोन दौऱ्यांत मी माणसं नेली होती, प्रत्येक वेळी ठरल्या पैशात आणि ठरल्या वेळेत बाहेर काढली होती. ती मला ओळखत होती. वर्गणी पन्नास हजार येन जमली, ती माझ्याकडे ठेवली. मी अंदाज या वेळी मराठीत टाइप केला, मोठ्या अक्षरात. रात्री आठला बसायचं, दहाला उठायचं, वाटी दुसऱ्यांदा मागायची नाही, बायकांना एकेकच पेला, कार्ड चालत नाही. हॉटेलच्या खाली चौघांसमोर मी तो वाचून दाखवला आणि शेठना विचारलं, "बरोबर हाय का?"

जपानी साहेब शेजारी उभे होते. शेठनी कागदाची घडी घातली. "हौसेला मोल नसतंय ताई," ते म्हणाले. "वर्गणी ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ. आजचं सगळं माझ्याकडून. आनि आज तू निवांत बस. विचारलं तवाच बोल."

तेच शब्द. मला वाटलं होतं ते तरी विसरले असतील.

मी निवांत बसले. गार चहा मागवला आणि विचारलं तेव्हाच बोलले. शेठनी 'हिला घ्यायला सांग' म्हटलं, मी सांगितलं. 'अजून आन' म्हटलं, मी मागवलं. साहेबांसाठी 'ह्याच्यापेक्षा भारी बाटली हाय का?' असं विचारलं, मी तेही शब्दाला शब्द विचारलं. ममानं किंमत सांगितली. किंमत काय, हे शेठनी मला विचारलं नाही. त्यांनी अंगठा वर केला. मागच्या वेळी मी कानाशी लागले होते. या वेळी खुर्चीवरून हलले नाही. दहा वाजले तेव्हा ममानं माझ्याकडे बघितलं. मी शेठकडे बोट केलं. शेठ माइक धरून आपलं एक जुनं गाणं म्हणत होते आणि दोन्ही बायका टाळ्या वाजवत होत्या. तिसरा तास लागला.

वर्कशॉपवाल्यांपैकी एकजण हळूच म्हणाला, "ताई, लई होतंय का?" मी म्हटलं, "शेठचा पाहुणचार हाय. मधे बोलनारी मी कोन?"

साडेदहाच्या जरा आधी साहेब उठले, वाकून आभार मानून गेले. ममानं बिल एका छोट्या तबकात शेठसमोर ठेवलं. शेठनी आकडा बघितला, मग मला दाखवला. "हे किती?"

विचारलं होतं, म्हणून सांगितलं. "एक लाख एकेचाळीस हजार येन. आपले ऐंशी हजार धरा."

शेठनी कार्ड काढलं. ममानं दोन्ही हातांनी नम्रपणे परत केलं. पाकिटात रोख निघाली चाळीस हजार. माझ्याकडची पन्नास हजारांची वर्गणी घातली तरी पन्नासेक हजार कमी पडत होते. तिघं सोबती पायातल्या बुटांकडे बघत होते. 'माझ्याकडून' म्हणून नेलेल्या माणसांपुढे हात पसरणं म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेठना घाम फुटला होता आणि तो मी डोळे भरून बघितला.

"तू बोल ना तिच्याशी," ते हळू आवाजात म्हणाले. "सकाळी बँकेतून काढून देतो म्हनावं. तुला वळखती ती."

ममाला मी विचारलं. ती म्हणाली, हे गृहस्थ मला माहीत नाहीत, पण तुम्ही शब्द देत असाल तर उद्या चालेल. मी हेही शब्दाला शब्द मराठीत सांगितलं, तिघांना ऐकू जाईल असं. मग म्हटलं, "शेठ, माझा शब्द तुमी गावात विकून खाल्लाय. कमिशनवालीचा शब्द कसा चालंल?"

"अगं, ते बोलायला हुतं. चेष्टा केल्ती."

"मग चेष्टा हुती असं सांगा. आत्ता. डेअरीवर."

जपानमध्ये साडेदहा म्हणजे आमच्याकडे संध्याकाळचे सात. डेअरीवर रांग मारुतीच्या देवळापर्यंत जाते ती वेळ. आठला बसायचं आणि दहाला उठायचं, हे मी बारची वेळ बघून ठरवलं नव्हतं. शेठ दहाला उठणार नाहीत हेही मला माहीत होतं.

त्यांनी तिघांकडे बघितलं. कुणी मध्ये पडलं नाही. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात, ते मी तेव्हा समोर बघितलं. मी वडिलांना फोन लावला. म्हटलं, "अप्पा, स्पीकर लावा, शेठना बोलायचंय." पलीकडे किटल्यांचा आवाज, मशीनची घरघर, कुणीतरी कुणाला ढकलत होतं. मी फोन शेठच्या तोंडासमोर धरला.

"मास्तर," शेठ म्हणाले. तिघांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू. "त्या टायमाचे पैसे मीच उडवले हुते. पोरीनं एक रुपया खाल्ला न्हाई. उलट तिनंच स्वतःचे घातले. मी खोटं बोललो."

पलीकडे किटल्यांचा आवाज थांबला. मशीनसुद्धा कुणीतरी बंद केलं असावं. मला वाटलं, अप्पा आता 'असू द्या, झालं गेलं' म्हणतील. आयुष्यभर ते तेच म्हणत आलेत. मी मनातून घाबरलेच, की ते सगळ्यावर पाणी ओततात की काय.

अप्पा म्हणाले, "शेठ, रांग लांब हाय. मागच्यांना ऐकू आलं न्हाई. परत एकदा सांगा, जरा मोठ्यानं."

शेठनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मग मी ममाला शब्द दिला.