पारव्याच्या मानेचा रंग कोणता?

धाराशिवचे छायाचित्रकार श्री. शिवलिंगप्पा कानडे, म्हणजे आपणा सर्वांचे अप्पा, यांची साठी भरली. गौरवग्रंथासाठी काही लिहा, असा समितीचा निरोप आला आणि मी उत्साहानं होकार दिला. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की अप्पांनी माझ्यावर जे उपकार केले ते मला अजून नीट समजलेलेच नाहीत! तरी घडलं तसं सांगतो. अर्थ जाणत्यांनी लावावा.

निजामी अमलात मी तेरच्या शाळेत मास्तर होतो. एके सकाळी शाळेच्या अंगणात एक धोतरवाले गृहस्थ जमिनीशी कॅमेरा लावून पालथे पडलेले दिसले. मला वाटलं, बिचाऱ्यांचं काहीतरी हरवलं.

"काय सापडंना झालंय का?" मी विचारलं.

"मास्तर, श्वास तिकडं सोडा. पीस हलतंय."

मी निमूटपणे तोंड फिरवलं. पाटीवर मेणानं चिकटवलेलं पारव्याच्या मानेचं एक पीस होतं, माझ्या करंगळीच्या नखाएवढं. कॅमेऱ्याचा भाता त्यांनी हातभर ताणला होता आणि भिंग पिसाला जवळजवळ टेकलं होतं. काळं कापड माझ्या डोक्यावर टाकून त्यांनी मला मागच्या काचेत बघायला लावलं. काचेवर ते पीस पंजाएवढं, उलटं आणि इतकं लखलखीत दिसलं, की मी "अरे देवा!" म्हणालो. ही आमची पहिली ओळख.

पोटापाण्यासाठी अप्पा लग्नामुंजीचे फोटो काढत, पण जीव अडकलेला असायचा तो या रंग बदलणाऱ्या पिसांत. मोर, शिंजीर, पारवा, काहीही चालायचं. अट एकच, पीस आपणहून गळलेलं हवं. एका हौशी पाटलांनी त्यांच्यासाठी शिंजीर मारून आणला. अप्पांनी तो ओंजळीत घेतला, उन्हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "जीव गेला तरी रंग जित्ता हाय की वो ह्येचा!" मग तो लिंबाखाली पुरला. त्यानंतर कितीतरी दिवस ते पाटलांच्या दारावरून गेले नाहीत.

आता माझी गोष्ट. तेव्हा माझी नोकरी कच्ची होती. सरकारी भाषेत मी 'मुस्तकिल', म्हणजे कायम, झालो नव्हतो. ढोकीच्या एका मुलीशी माझी सोयरीक ठरत आली होती, पण तिच्या वडिलांनी बजावलं होतं, "आधी मुस्तकिल व्हा, मग हळद." त्यामुळे शाळा तपासायला शिक्षणखात्याचे मोहतमीमसाहेब येणार म्हटल्यावर काहीतरी करून दाखवणं मला भागच होतं.

साहेबांवर छाप पाडायची म्हणून मी अप्पांनी दिलेलं तेच पीस वर्गात काढलं. खिडकीच्या उजेडात धरून विचारलं, "मुलांनो, रंग कोणता?"

"हिरवाऽऽ!" अख्खा वर्ग ओरडला.

समोर खुर्चीत बसलेल्या साहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांना ते जांभळं दिसत होतं. "क्या मास्तर, रंगां बी नै सिखाए बच्चों को? तुम बोलो, कौनसा रंग?"

मी मधोमध उभा. पिसाकडे पाहिलं तर तिथून ना हिरवं, ना जांभळं. "काळा, साहेब," मी म्हणालो. पोरं खो खो हसली. साहेब काही न लिहिता उठून मुक्कामाला गेले. संपलं, असं मला वाटलं. नोकरीही गेली आणि हळदही.

सुदैवानं अप्पा बाजारासाठी तेरलाच उतरले होते. मी रडवेला होऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेबाला खुर्चीतनं उठवाया पायजे. पोरांच्या जाग्यावरनं त्येंना हिरवंच दिसंल."

"अहो, पण साहेबांना ऊठ कोण म्हणणार?"

"म्या न्हाय म्हननार. क्यामेरा म्हनंल."

आणि खरंच तसं झालं. दुसऱ्या दिवशी अप्पांनी मुलांच्या जागी कॅमेरा मांडला आणि अदबीनं विचारलं, "साहेब, आत बघता जरा?" साहेब हौसेनं उठले, काळ्या कापडात शिरले आणि आतूनच ओरडले, "हरा!" मग कॅमेरा खुर्चीपाशी नेला. तिथं जांभळं. मी सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच साहेब म्हणाले, "काच में तस्वीर उल्टी है. रंग बी उल्टा होंगा."

खोटं कशाला सांगू, ते मलाही पटलं! अप्पा कॅमेऱ्याचा भाता मिटू लागले. साहेबांनी हुकूम दिला, दोन्ही तसबिरी काढा आणि छापून धाराशिवच्या कचेरीत दाखवा. कागदावर उमटेल तो रंग खरा. अप्पा म्हणाले, "जी."

छाप तयार झाले. पीस दोन्हींत काळंभोर. साहेबांनी ते न्याहाळले आणि म्हणाले, "काला! मास्तर सच बोला." मुलं चुकली, साहेब चुकले, बरोबर उत्तर एकट्या माझं! थोड्याच दिवसांत मी मुस्तकिल झाल्याचा हुकूम आला.

आता मला सांगा, फोटोत रंग उमटत नाहीत हे अप्पांना ठाऊक नसेल? साहेबांच्या घरी तसबिरी नसतील? आणि अप्पांच्या इतर छापांत पिसं चांदीसारखी चमकतात, मग हीच कोळशागत काळी कशी निघाली? लग्नानंतर मी धीर करून अप्पांना विचारलं, "साहेबांना खरंच कळलं नव्हतं का हो?"

"मास्तर, तुमाला मुस्तकिल व्हायचं हुतं, का साहेबाला येड्यात काढायचं हुतं?"

"पण पिसाचा खरा रंग कोणता?"

"मला तरी कुठं ठावं हाय? म्हनून तर फोटू काढतोय."

आता राज्य बदललं, साहेब कुठं गेले ते कळलं नाही, आणि माझा गोंधळ मात्र होता तसाच आहे. मला पोटापाण्याला लावलं ते अप्पांनी की साहेबांनी? हा लेख लिहिताना मी घरात विचारलं, "अप्पांसाठी देवाकडं काय मागू?"

भाकरी थापता थापता ढोकीची ती मुलगी म्हणाली, "निरोगी शंभर वर्सं मागा. आन् त्या साहेबांनाबी तेवढीच मागा. आपला संसार कुणी उभा केला ते कळंना, तर एकट्याचंच नाव कशाला घ्यायचं?"

ग्रंथ एकट्या अप्पांच्या गौरवाचा आहे, हे मला ठाऊक आहे. समितीनं रागावू नये. मी दोघांसाठीही मागितलं आहे.