वंदनाची कळ पाहायला अकोल्याला

पुण्याहून अमरावतीला मामाकडे येऊन चार दिवस झाले, तरी अकोल्याला कधी निघायचं ते ठरेना. तारीख माहेरी आलेल्या माझ्या मामेबहिणीच्या, वंदनाच्या, पाळीवर अवलंबून होती. तिला एंडोमेट्रिओसिस आहे. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेरही वाढतं आणि पाळीत कळा येतात. अकोल्यातल्या एक डॉक्टरीणबाई पाळीच्या पहिल्या दिवशी एमआरआय काढून गर्भाशयाच्या आकुंचनांचा अभ्यास करतात. पाचव्या दिवशी पहाटे वंदनाने मला हलवून जागं केलं. "ताई, चाल."

एसटीत कंडक्टरने तिचा चेहरा पाहिला. "बिमार हाय का बाई? इले पुढं बसवा, मांगं गाडी लय आदळते." पुण्यात अशी चौकशी झाली असती तर मी नाक मुरडलं असतं. इथे बरं वाटलं. बडनेरा मागे पडलं आणि दोन्हीकडे काळी जमीन, फुटलेली कपाशी, मध्ये तुरीचे पट्टे. मूर्तिजापूरला मी उतरून गरम आलुबोंडे आणले. दोन मी एकटीनेच संपवले.

वंदनाच्या सासूबाई बार्शीटाकळीहून थेट दवाखान्यात आल्या होत्या. त्यांची भाजीची वाडी. बाजारात विकायला वंदना बसते. आमच्यापासून एक खुर्ची सोडून त्या बसल्या, कारण पाळीत शिवायचं नाही. "कोन्त्या बाईले दुखत नाई?" त्या मला म्हणाल्या. डॉक्टरांनी सांगितलेल्या ऑपरेशनचं नाव त्या काढू देत नव्हत्या. आज त्यांना दुखणं प्रत्यक्ष दाखवायचं, एवढ्याचसाठी वंदनाने त्यांना बोलावलं होतं.

या तपासणीत एकापाठोपाठ एक चित्रं काढून भरभर फिरवतात, की गर्भाशय हलताना दिसतं. वंदनाचं हललंच नाही.

"काईच नाई निंघालं," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "दुखण्याची गोळी घेतली का वो?"

वंदनाने मान खाली घातली. गोळीने आकुंचनंच थांबतात म्हणून ती घ्यायची नाही, हे तिला बजावलेलं होतं. मी आलुबोंडे आणायला उतरले तेव्हा तिने ती गिळली होती. "आईसमोर कन्हू कशी, ताई?" ती माझ्या कानात म्हणाली. सासूबाईंना ती आई म्हणते. मला तिचा राग आला. दर महिन्याला गोळी घेऊन हसतमुखाने भाजी विकायची, मग विश्वास कोण ठेवणार?

डॉक्टर मात्र रागावल्या नाहीत. "असर उतरू द्या. संध्याकाळी मशीन तुमच्यासाठी ठेवू." ही बाई मला तिथेच आवडली.

दिवस जवळच्या जठारपेठेतल्या एका हॉटेलात काढला. मी सांभारवडी (सांभार म्हणजे कोथिंबीर) मागवली. सासूबाईंनी वडी फोडून वास घेतला. "सांभार कालचा हाय." वंदनाने घास घेतला नाही. चार वाजता असर उतरला आणि ती पोट धरून भिंतीला टेकली.

संध्याकाळी डॉक्टरांनी वंदनाच्या हातात रबरी फुगा दिला आणि कळ आली की दाबायला सांगितलं; दाबला की आमच्याकडे घंटी वाजणार होती. आम्हा दोघींना काचेअलीकडे पडद्यासमोर बसवलं. करड्या चित्रात एक काळी रेघ उमटली, गर्भाशयाची भिंत आवळत गेली, आणि घंटी वाजली. सैल पडली. पुन्हा आवळली, पुन्हा घंटी. आतून वंदनाचा आवाज असा आलाच नाही.

"हे तं बाळंतकळ हाय," सासूबाई म्हणाल्या.

"तशीच समजा, मावशी. दर महिन्याले," डॉक्टर म्हणाल्या.

आणखी तीन घंट्या वाजल्या. मग सासूबाई म्हणाल्या, "अन् मी इले बाजारात बसवत होती."

मलाही लाज वाटली. फोनवर मी तिला कितीदा योगासनं सुचवली होती.

तपासणी संपताच डॉक्टरांनी गोळी दिली; असर व्हायला तासभर लागणार होता. ऑपरेशनची तारीख सासूबाईंनीच विचारली. बार्शीटाकळीच्या गाडीत बसताना मी दिवसभराच्या सवयीने मधली जागा मोकळी सोडली. सासूबाई सरकून तिथे बसल्या आणि वंदनाचं डोकं त्यांनी आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

"कन्ह, माय," त्या म्हणाल्या. "मले ऐकू येऊ दे."

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला परतले. घरी सगळे विचारतात, वऱ्हाडात काय पाहिलंस? मी त्या मशीनचं आणि त्या डॉक्टरीणबाईंचं तोंड भरून कौतुक करते. पण आठवतो तो गाडीतला वंदनाचा आवाज. गाव येईपर्यंत ती मोठ्याने कण्हत होती, आणि सासूबाई तिच्या पोटावर हात ठेवून बसल्या होत्या.